वखारीतली धुरी

काही प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातून जातात. केळीच्या वखारीचं हे प्रकरण गेलं नाही. स्वेच्छानिवृत्ती घेतली, जळगावात घर बांधलं, सकाळचं फिरणं सुरू झालं, तरी थंडी पडली की ते हटकून आठवतं. निरोप समारंभात सहकाऱ्यांनी या तपासाचं भरभरून कौतुक केलं होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. कौतुक खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो आहे. कुणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही.

तेव्हा मी चोपडा भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जानेवारीचे दिवस. सातपुड्यावरून वारं सुटलं की आमच्याकडे असा गारठा पडतो, की हवालदारसुद्धा सकाळच्या हजेरीला मफलर काढत नाहीत. हजेरी चालू असतानाच ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने घेतला. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "वखारमा तीन जण दारू पिसन मरी गयात." नाव विचारायच्या आत फोन ठेवला.

इथेच मला खटकायला हवं होतं. प्रेत पाहिलेला माणूस घाबरलेला असतो. तो "माणूस पडला आहे, लवकर या" म्हणतो. कशाने पडला ते सांगत नाही, कारण ते त्याला ठाऊक नसतं. या माणसाने खबरीबरोबर कारणही दिलं होतं. नोकरीत नव्या आलेल्या पोरांना मी हे शिकवायचो. त्या सकाळी स्वतःच विसरलो.

विसरण्याला निमित्त होतं. त्या गावात सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दुकान बंद पाडलं. त्या दिवशी बंदोबस्ताला मीच होतो. बायकांनी गुलाल उधळला, माझ्या टोपीवरही पडला. पुढे गावातली दारू थांबली नाही, फक्त दुकानातून उठून नाल्याकाठी गेली. एक बाई गूळ-नवसागराची हातभट्टी लावायची. आम्ही वर्षातून दोन-तीनदा तिची भट्टी फोडायचो. ती दंड भरून परत लावायची. गावात काहीही वाईट झालं की पहिलं बोट तिच्याकडे जायचं.

वखार गावाबाहेर होती. कच्ची केळी पिकवायला ठेवायच्या तीन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर. मधल्या खोलीचं दार सताड उघडं. आत गोणपाटावर तीन हमाल झोपल्यासारखे पडलेले. खोलीत केळीचा एक घडही नव्हता, फरशी झाडलेली. कोपऱ्यात दारूची प्लास्टिकची बाटली. चौथा हमाल बाहेर ओट्यावर कुडकुडत बसला होता, अंगावर ओकलेलं, धड बोलता येत नव्हतं. वखारवाले शेठ हात जोडून उभे. म्हणाले, "साहेब, किती वेळा सांगितलं यांना, त्या बाईची पिऊ नका म्हणून."

पंचनामा सुरू झाला. हवालदार लिहीत होता, मी सांगत होतो. प्रेतांची अवस्था, कपडे, जखमा नाहीत. मग मी सांगितलं, "तिघांच्याही तोंडास दारूचा उग्र वास." हवालदाराने लिहिलं. हे वाक्य आमच्या तोंडात बसलेलं होतं, जसं अपघाताच्या पंचनाम्यात "भरधाव वेगात" बसलेलं असतं. मी वाकून वास घेतला नव्हता.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर मोर्चा आला. बाटली आडवी केलेल्याच बायका पुढे होत्या. "साहेब, तुम्ही हप्ता खाता की झोपा काढता?" असं एकीने तोंडावर विचारलं. पुढारी आले, वार्ताहर आले. वरून फोन आला, "काय आहे?" मी म्हणालो, "विषारी दारू आहे, साहेब." तेच वार्ताहरांनाही सांगितलं. संध्याकाळच्या आत हातभट्टीवाल्या बाईला अटक केली. दारूबंदीचं कलम तर होतंच, वर सदोष मनुष्यवध लावला. तीन मृत्यू म्हणजे जन्मठेपेपर्यंत जाणारी गोष्ट.

बाई पन्नाशीची, काटक. महिला शिपायाला समोर बसवून मी तिची चौकशी केली. दारूत काय घातलं, स्पिरिट कुठून आणलं, कोणी पुरवलं? ती गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "साहेब, मन्ही दारू पिसन माणसं मरतात, ते मन्हा मालक कवयच मरी जाता. तो रोज पेस अन् पिसन माले मारस."

हवालदाराला हसू आलं. मी दटावलं. ती पुढे म्हणाली, "त्या रोजे अर्धा गाव पिना. बठ्ठा जित्ता शेतस. जा, मोजी या."

मी म्हणालो, "जास्त शहाणपणा करू नको."

"शानपना कसाना, साहेब? माले तरास व्हई ऱ्हायना म्हनीसन सांगस."

प्यालेले सगळे जिवंत आहेत, हे तिचं म्हणणं मी उडवून लावलं. खरं तर विषारी दारूचं प्रकरण मी आधी एकदा पाहिलं होतं. ती दारू एका खोलीत मारत नाही. गावभर माणसं आंधळी होत होत दवाखान्यात येतात, कुणी सकाळी, कुणी दुसऱ्या दिवशी. इथे बाकीच्या गावाला साधी उलटीही झाली नव्हती. पण मी वार्ताहरांशी बोलून बसलो होतो, आणि बोलून बसलेला अधिकारी डोळे उघडे ठेवून झोपतो.

दुसऱ्या दिवशी तिघांपैकी एकाची विधवा ठाण्यात आली. तरुण होती. आदल्या दिवशी मोर्चात पुढे तीही होती, हे माझ्या लक्षात होतं. हातात नवऱ्याची तुळशीची माळ.

"साहेब, तुम्हीन काय लिखेल शे? मन्हा मालक पिना म्हनीसन?"

मी म्हणालो, "ताई, पंचनाम्यात आलं ते लिहिलं."

"मन्हा मालक मायकरी व्हता. दारूले हात लावे नही. गावमा लोक म्हनतस, माय घालीसन चोरीछुपे पे."

मायकरी म्हणजे माळकरी, गळ्यात तुळशीची माळ घालून दारू वर्ज्य केलेला. आता खरं सांगतो. "माझा नवरा पीत नव्हता" हे वाक्य मी नोकरीत इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं होतं, की माझे कान त्याला बधिर झाले होते. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मनात म्हणालो, हीही त्यातलीच.

तिने विचारलं, "तुम्हीन वास लिना का त्याना तोंडना?"

मी "हो" म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माळ पदरात गुंडाळून निघून गेली. गुन्हेगार माझ्यासमोर खोटं बोलतात तेव्हा त्यांची मान कशी हलते हे मला पाठ आहे. त्या दिवशी माझी मान तशीच हलली असणार.

त्याच दुपारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. "इन्स्पेक्टर, नमुने प्रयोगशाळेत पाठवले आहेत. अहवाल यायला वेळ लागेल. पण तुम्हाला एक विचारतो. रक्त लालभडक आहे, नखं आणि अंगावरचे डाग गुलाबी आहेत. दारूच्या विषाने असं होत नाही. त्या खोलीत काय जळत होतं?"

"काहीच नाही. खोली रिकामी होती."

"मग पुन्हा एकदा बघा," ते म्हणाले. "विस्तव कोंडलेल्या खोलीत झोपलेली माणसं अशी दिसतात."

मी हवालदाराला घेऊन वखारीत परत गेलो. या वेळी वर बघितलं. मधल्या खोलीचं छत काळंकुळं, आणि काजळी ताजी. बोट फिरवलं तर बोट काळं झालं. बाजूच्या दोन खोल्यांत नुसती जुनी जळमटं. दाराच्या फटींना आतून ओलं गोणपाट चिकटवल्याच्या खुणा होत्या. हवालदार म्हणाला, "साहेब, ही तर धुरीची खोली."

केळीच्या भागात नोकरी करणाऱ्याला धुरी सांगावी लागत नाही. थंडीत केळी लवकर पिकत नाही. चांगल्या वखारींत आता गॅसच्या शीतखोल्या आहेत, पण विजेचं बिल नको असलेले लोक अजून जुनाच मार्ग धरतात. खोलीत घड रचायचे, डब्यांत गोवऱ्या आणि भुसा धुमसत ठेवायचा, फटी बुजवायच्या आणि दार लावून घ्यायचं. खोली उबदार होते, केळी पिवळी होते. आणि अंगावर धड गोधडी नसलेल्या हमालाला त्या उबेचा मोह होतो.

पण धुरी दिली असेल, तर केळी कुठे होती?

चौथा हमाल आता शुद्धीवर होता. सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसलो. त्याने मला आधीच सांगून टाकलं, "साहेब, माले काही म्हाईत नही. मी बठ्ठासथून जास्त पियेल व्हतू."

"सगळ्यांत जास्त?"

"मंग! ओकनू तठेच. त्या मायकरीनी माले शिव्या दिन्ह्यात अन् टांग धरीसन बाहेर फेकं. म्हने, 'तुन्हा वास मारस, बाहेर मर.'"

 सगळ्यांत जास्त प्यालेला माणूस माझ्यासमोर जिवंत होता, आणि त्याला बाहेर काढणारा माळकरी मेला होता. बाहेरच्या गारठ्याने याला वाचवलं होतं.

"सकाळी जाग कधी आली?"

"थंडीनी जाग उनी. तव्हय ट्रक भरी ऱ्हायंतात. मन्हावरतून टांग टाकी टाकी घड काढेत. मी म्हनं, 'त्यासले उठाडा ना.' कोनी बोलनं नही."

म्हणजे माणसं मेलेली दिसल्यावर आधी केळी बाहेर काढली, डबे उचलले, फरशी झाडली, ट्रक रवाना केला आणि मग आम्हाला फोन केला. कारणासकट.

ट्रक शोधायला अवघड गेलं नाही. केळी लपवता येत नाही, तिला बाजार लागतो, आणि तोही लवकर. चालकाने धुळ्याचं नाव घेतलं. मी स्वतः धुळ्याला गेलो. तिथल्या फळबाजारातला एक मुस्लिम व्यापारी, खानदानी धंदा, मला बघून आधी बिचकला. मी कारण सांगितल्यावर त्याने नोकराला पाठवून दोन फण्या आणवल्या.

"साहेब, नाक लावून बघा. धुरीचा माल आहे. मी शेठला म्हटलं, 'असा माल आता कोण घेतो? गिऱ्हाईक वास ओळखतं.' ते म्हणाले, 'जेवढ्याला जाईल तेवढ्याला काढ.' असं घाईचं विकणं त्यांनी कधी केलं नव्हतं." मग त्याने विचारलं, "हा माल कुठला आहे, साहेब?"

मी सांगितलं. त्याने उरलेला सगळा माल पंचांसमोर बाजूला काढून ठेवला. म्हणाला, "हराम है ये. नही बेचूंगा." त्याचा जबाब आणि ट्रकचालकाचा जबाब, दोन्ही घेऊन मी परतलो.

शेठना ठाण्यात बोलावलं. मी आवाज चढवला नाही. धुळ्याहून आणलेली फणी टेबलावर ठेवली. साल काळी पडायला लागली होती.

"शेठ, घ्या. खा."

"नको साहेब, आत्ताच जेवलो."

"मग वास तरी घ्या. कशाचा आहे सांगा. तुमचा जन्म केळीत गेला."

त्यांनी फणीकडे बघितलं नाही. कपाळाला घाम. हवालदाराने पंखा लावला, तेवढ्या थंडीत. मग शेठ फुटले, आणि फुटताना जे बोलले ते मला आजही झोपेतून उठवतं.

"साहेब, मला काय माहीत माणसं मरतील? मागच्या थंडीत याच खोलीत तो पाड्यावरचा मजूर मेला, तेव्हा तुम्हीच आला होता ना? तुम्हीच दारूचं म्हणून मिटवलं. मला वाटलं, पोलीस म्हणतात म्हणजे दारूच असेल!"

हवालदार माझ्याकडे बघत नव्हता. तो तेव्हाही माझ्याबरोबर होता.

सातपुड्यातल्या पाड्यावरून मजुरीला आलेला माणूस. अकस्मात मृत्यू, अतिमद्यसेवन, सही माझी. त्याचे नातेवाईक आले, अंगठे दिले, प्रेत घेऊन गेले. कुणी काही विचारलं नाही. त्या वेळी मी छताकडे बघितलं असतं, तर पुढच्या थंडीत तीन माणसं मेली नसती. शेठनी स्वतःला वाचवण्यासाठी तो दगड माझ्यावर टाकला हे खरं, पण तो बरोबर जागी लागला. ती जुनी फाईल पुन्हा उघडावी म्हणून मी वर लेखी कळवलं. प्रेताचं दहन झालेलं होतं, सिद्ध काहीच करता आलं नाही. त्या पाड्यावर जायचं मी अनेकदा ठरवलं आहे. अजून गेलेलो नाही.

आता गुन्हा वळवायचा होता, आणि त्यासाठी माळकऱ्याच्या विधवेचा जबाब लागणार होता. तिच्या घरी गेलो. मला बघून ती दारातच उभी राहिली.

मी म्हणालो, "ताई, तुमचा नवरा पीत नव्हता, हे तुम्ही म्हणालात. तसा जबाब द्याल?"

"तव्हयपासून काय सांगी ऱ्हायनू मी?"

"एक समजून घ्या. तो प्यालाच नसेल, तर दारूने मेला नाही. मग त्या बाईवरचा हा गुन्हा टिकत नाही. ती सुटेल."

तिचा चेहरा बदलला. ती बाई सुटावी असं तिला कधीच वाटलेलं नव्हतं. उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मन्हा सख्खा भाऊ तिन्हीच दारू पिसन गया. पोट फुगीसन, डोया पिव्या व्हईसन. दोन साल मरी ऱ्हायंता तो. तव्हय तुम्हना कायदा कोठे व्हता, साहेब?"

 हळूहळू मारणाऱ्या दारूला आमच्याकडे दंड होता, मनुष्यवध नव्हता. एका झटक्यात माणसं गेली की आम्ही धावायचो. दोन वर्षं लागली की तो आजार.

मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "बसा. लिखा. मन्हा मालक पे नही. तिनी त्याले मारं नही." आणि जबाबावर सही करताना पुटपुटली, "मन्हा भाऊले मारं. ते बी लिखा." मी तेही लिहिलं. कायद्याच्या दृष्टीने त्या वाक्याचा उपयोग नव्हता. तरी लिहिलं.

उपअधीक्षकांसमोर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी पंचनामा पुढे सरकवला. "यात तिघांच्या तोंडाला दारूचा वास आहे. तुम्हीच नोंदवलं आहे."

"नोंदवलं आहे, साहेब. वास मी घेतला नव्हता."

"हे लेखी द्याल?"

"देतो."

"बढती तोंडावर आहे तुमची."

"माहीत आहे, साहेब."

त्यांनी पंचनामा मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "द्या." ते लेखी दिलं. पुढे चौकशी लागली, ठपका आला, बढती लांबली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ अहवाल लिहिले. त्या एका पानावर केली तितक्या ताठ मानेने दुसऱ्या कुठल्याच कागदावर सही केली नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. तिघांच्याही रक्तात कोंडलेल्या विस्तवाचा विषारी वायू. दोघांच्या रक्तात दारू, पण साधीच. माळकऱ्याच्या रक्तात दारूचा थेंब नाही. डॉक्टर म्हणाले, "दोघांना दारूने इतकं जड झोपवलं, की गुदमरल्यावर उठताच आलं नाही. तिसरा नुसता दमलेला होता. त्यालाही तो धूर पुरला." शेठवर निष्काळजीपणाने मृत्यूचा आणि पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. बाईविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात स्वतः सादर केला. मनुष्यवधाचं कलम निघालं, दारूबंदीचं राहिलं. ती जामिनावर सुटली.

त्यानंतर आमच्या हद्दीतल्या सगळ्या वखारी आम्ही तपासल्या. तहसीलदारांना बरोबर घेतलं, हमालांना वेगळी झोपायची जागा करायला लावली, खोल्यांना झरोके पाडायला लावले. माझ्या ठाण्यात नियमच केला, की बंद जागेत मेलेला माणूस दिसला की पहिला प्रश्न "प्याला होता का" हा नाही, "काय जळत होतं" हा. मी तिथे असेपर्यंत वखारीत पुन्हा माणूस मेला नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. आजही धुळ्याकडचे काही तरुण अधिकारी थंडीत फोन करतात, "सर, बंद खोलीत दोघं सापडले आहेत, काय बघू?" मी म्हणतो, "आधी छत बघा."

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. दारूला विकणारा असतो, पत्ता असतो, कलम असतं. मोर्चा न्यायला दार असतं. धुराला यातलं काही नसतं. म्हणून मेलेल्या माणसाजवळ बाटली दिसली की आपण सगळे, पोलीस, पुढारी, घरचे सुद्धा, सुटकेचा श्वास टाकतो, की कारण सापडलं. दारू माणसं मारते, त्यात शंका नाही. मी त्या विधवेच्या भावासारखे शेकडो पाहिले. पण दारूच्या आडोशाने आणखी काय काय मारतं आहे ते बघायचं काम कुणाचं? डाळ मिलची भुकटी, जिनिंगची कापसाची धूळ, घराघरांतला चुलीचा धूर, यांची खबर द्यायला ठाण्यात कुणी येत नाही. बाटली आडवी करणाऱ्या बायकांना मी अजूनही सलाम करतो. फक्त त्यांच्या घरातल्या चुलीवर झरोका आहे का, एवढं मी हल्ली विचारतो. बायको म्हणते, "तुम्ही पोलीस होता की आरोग्यसेवक?"

सुटल्यानंतर काही दिवसांनी ती हातभट्टीवाली बाई ठाण्यात आली. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. मी चहा सांगितला. तिने चहा प्यायला, बशी पालथी घातली आणि म्हणाली, "साहेब, मन्हं पातेलं द्या."

"कुठलं पातेलं?"

"भट्टीवरथून उचली लयनात ते. जर्मलनं मोठं."

"ॲल्युमिनियमचं ते? ते मुद्देमालात गेलं, अक्का. नियमाप्रमाणे नष्ट केलं."

"नष्ट? मी त्यामा आंघोयनं पानी तपाडू!"

"त्यात तू दारू तपाडत होतीस."

"दारू कधीमधी. पानी रोज." तिने कमरेवर हात ठेवले. "पोलीस शेतस का भंगारवाला? बाईमाणूसनं भांडं फोडतस, लाज नही वाटत?"

ठाणे अंमलदार मान खाली घालून हसत होता. महिला शिपाई तोंडावर रुमाल धरून बाहेर गेली.  मला पदकं मिळाली, प्रशस्तिपत्रं मिळाली, ती कपाटात आहेत. पण जिला मी जन्मठेपेच्या दारापर्यंत नेऊन ठेवलं होतं, ती बाई मोकळ्या हातांनी माझ्याच ठाण्यात उभी राहून, माझ्या हाताखालच्या लोकांसमोर मला एका पातेल्यावरून मनसोक्त झापत होती. ती थकेपर्यंत मी तिला बोलू दिलं.